जर्मनीत मुलांना शाळेत घालताना: नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

पुण्याहून किंवा नाशिकहून नोकरीनिमित्त म्युनिक, श्टुटगार्ट किंवा फ्रांकफुर्टला येणारी कुटुंबे गेल्या बारा वर्षांत मला साधारण तीनच प्रश्न विचारत आली आहेत: चांगली शाळा कोणती, प्रवेशअर्ज कधी निघतात आणि देणगी किती द्यावी लागते. आपल्याकडचा अनुभव पाहता हे प्रश्न स्वाभाविक आहेत. पण इथे ते बहुतांशी गैरलागू ठरतात. सरकारी शाळेत शुल्क नाही, देणगी नाही आणि प्राथमिक शाळेपुरती तर निवडही फारशी नाही, कारण मूल कोणत्या शाळेत जाणार हे बहुतेक राज्यांत घराचा पत्ता ठरवतो. उलट ज्या गोष्टींची आपण चौकशीच करत नाही, त्याच इथे निर्णायक ठरतात. राज्य कोणते, मूल कोणत्या तारखेपर्यंत सहा वर्षांचे होते आणि भाषा आत्मसात करायला त्याला किती अवधी मिळणार, या तीन गोष्टी नीट कळल्या की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडत जाते.

पहिली पायरी: राज्य कोणते ते पाहा

जर्मनीत सोळा राज्ये आहेत आणि शालेय शिक्षण हा पूर्णपणे राज्यांचा विषय आहे. राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची एक स्थायी परिषद १९४८ पासून परस्परांत ताळमेळ ठेवते, पण अभ्यासक्रम, सुट्ट्या, शाळांचे प्रकार आणि त्यांची नावेसुद्धा राज्यागणिक बदलतात. आपल्याकडे राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई या तिन्हींच्या शाळा एकाच रस्त्यावर असू शकतात. इथे सरकारी शाळांपुरते एका राज्यात एकच मंडळ असते आणि राज्याची सीमा ओलांडली की ते बदलते. म्हणून बर्लिनमधल्या मित्राने मनापासून दिलेला सल्ला म्युनिकमध्ये पूर्णपणे चुकीचा ठरू शकतो. कोणी काही सांगितले, तर ते कोणत्या राज्यातले आहे, हे आधी विचारावे.

सगळ्या राज्यांत समान असलेली गोष्ट म्हणजे ‘शुलफ्लिख्ट’, अर्थात शाळेत जाण्याची सक्ती. मूल साधारण सहा वर्षांचे झाले की ती लागू होते. नऊ किंवा काही राज्यांत दहा वर्षे पूर्णवेळ शाळा आणि त्यानंतर साधारणपणे अठराव्या वर्षापर्यंत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात शिक्षण चालू ठेवावे लागते. घरी शिकवण्याची मुभा नाही. ‘दोनच वर्षांसाठी आलो आहोत, तोवर भारतातली ऑनलाइन शाळा चालू ठेवू’ असा बेत अनेक जण करून येतात. तो कायद्यात बसत नाही.

दुसरी पायरी: घर, नोंदणी आणि कागदपत्रे

घर निश्चित करण्यापूर्वी त्या पत्त्याला कोणती प्राथमिक शाळा लागू होते, हे नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरी नोंदणी कार्यालयात ‘आनमेल्डुंग’ करावे लागते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला दाखला लागतो. ही नोंदणी झाली की शालेय वयाच्या मुलाची माहिती यंत्रणेपर्यंत पोहोचते, आणि पुष्कळ ठिकाणी शाळेचे किंवा शिक्षण कार्यालयाचे पत्र घरी येते. मात्र पत्राची वाट पाहत बसू नये. वर्षाच्या मध्येच आला असाल, तर पुढच्याच आठवड्यात शाळेच्या कार्यालयात स्वतः जावे. मधूनच आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही; जागा नसेल तर दुसरी शाळा शोधून देणे हे त्यांचे काम असते.

भारतातून निघताना जन्मदाखला, त्याचे प्रमाणित जर्मन भाषांतर, मागील दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि लसीकरणाचे मूळ कार्ड बरोबर असू द्यावे. यातल्या शेवटच्या कागदाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते. १ मार्च २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार पाळणाघरात किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाने गोवराची लस घेतल्याचा पुरावा द्यावाच लागतो. दोन वर्षांवरील मुलांसाठी दोन मात्रा आवश्यक असतात. आपल्या कार्डावर डॉक्टरांचे अक्षर आणि शिक्का पुसट असेल, तर निघण्यापूर्वीच ते नव्याने लिहून घ्यावे, आणि इथे आल्यावर बालरोगतज्ज्ञांकडून त्या नोंदी पिवळ्या लसपुस्तिकेत उतरवून घ्याव्यात.

तिसरी पायरी: सहा वर्षांखालील मुले

तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘क्रिपं’ आणि तीन ते सहा वयोगटासाठी किंडरगार्टन असते. दोन्हींना मिळून ‘किटा’ म्हणतात. १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, परंतु हक्क आणि प्रत्यक्ष जागा यांत मोठे अंतर आहे. मोठ्या शहरांत अनेक महिने थांबावे लागते, म्हणून घर मिळताच अर्ज करावा आणि एकाच नव्हे तर सात-आठ ठिकाणी करावा. किटा शाळेत मोडत नाही, त्यामुळे शुल्क असू शकते. बर्लिनमध्ये ते नाही, इतर अनेक ठिकाणी शहर आणि उत्पन्न यांनुसार ते ठरते.

इथे दोन गोष्टींचे आश्चर्य वाटते. पहिली म्हणजे ‘आइनगेव्यौनुंग’, म्हणजे मूल रुळण्याचा काळ. मी माझ्या मुलीला पहिल्या सोमवारी दारात सोडून ऑफिसला निघालो, तेव्हा तिथल्या बाईंनी मला परत बोलावून एका बुटक्या खुर्चीवर बसवले, आणि पुढचे जवळपास तीन आठवडे मी रोज थोडा थोडा वेळ त्याच खुर्चीवर काढला. आईवडिलांपैकी एकाने किमान तीन-चार आठवडे मोकळे ठेवावेत; नवी नोकरी आणि किटा एकाच दिवशी सुरू करणे शक्य नसते. दुसरी गोष्ट अशी, की किंडरगार्टनमध्ये लिहायला-वाचायला शिकवत नाहीत. पावसात चिखल तुडवणे, कात्री धरायला शिकणे, भांडण स्वतः मिटवणे हाच तिथला अभ्यास असतो. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्र्यौबेल याने १८४० साली ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले तेव्हापासूनची ही दृष्टी आहे, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बालवाडीची कल्पना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती परकी वाटू नये. सीनियर केजीत बेरीज-वजाबाकी करणाऱ्या भाच्याशी तुलना करून आपल्या मुलाला घरी गिरवायला बसवण्याची काहीच गरज नाही. त्या वेळात त्याला जर्मन बोलणाऱ्या मुलांशी खेळू द्यावे.

चौथी पायरी: पहिलीचा वर्ग

पहिली ते चौथीच्या शाळेला ‘ग्रुंडशूल’ म्हणतात. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहावीपर्यंत असते. वयाची अट तारखेवर ठरते: बायर्न (म्युनिकचे राज्य) आणि नॉर्थ राइन-वेस्टफालियामध्ये ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणारी मुले त्या वर्षी शाळेसाठी पात्र होतात, तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग (श्टुटगार्टचे राज्य) आणि हेसेनमध्ये (फ्रांकफुर्टचे राज्य) ही तारीख ३० जून आहे. बायर्नमध्ये जुलै ते सप्टेंबरदरम्यान सहा पूर्ण होणाऱ्या मुलांना एक वर्ष थांबवायचे का, हे पालक ठरवू शकतात. मूल नुकतेच भारतातून आले असेल आणि हा पर्याय उपलब्ध असेल, तर माझे मत थांबण्याच्या बाजूने आहे. किंडरगार्टनमधले ते एक वर्ष ‘वाया’ जात नाही, त्यात भाषा पक्की होते. भारतात दुसरीत असलेले मूल इथे पहिलीत बसवले, तरी त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये.

शाळा सुरू होण्याआधी आरोग्य खात्याकडून तपासणी होते: दृष्टी, श्रवण, बोलणे, चित्र काढणे. ती परीक्षा नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात खाऊ आणि लहानसहान भेटवस्तूंनी भरलेला मोठा कागदी शंकू असतो. त्याला ‘शुलट्यूटं’ म्हणतात आणि तो घरूनच न्यायचा असतो. हे कोणी आवर्जून सांगत नाही, कारण प्रत्येकाला ते ठाऊकच असेल असे गृहीत धरलेले असते. शिक्षण मोफत असले तरी चांगले दप्तर दोनशे-अडीचशे युरोंना पडते, शिवाय झेरॉक्स, सहली आणि वह्यांचा किरकोळ खर्च चालू असतो.

शाळा आठच्या सुमारास सुरू होते आणि पहिली-दुसरीत साडेअकरा-बारालाच सुटू शकते. दोघेही नोकरी करणार असाल, तर दुपारच्या देखरेखीची, म्हणजे ‘होर्ट’ किंवा पूर्णदिवस वर्गाची जागा वेगळी मागावी लागते. ती शाळेबरोबर आपोआप मिळत नाही. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना अशा जागेचा कायदेशीर हक्क मिळण्याची तरतूद असून तो पुढे वर्षागणिक वरच्या इयत्तांना लागू होणार आहे.

गणिताच्या वहीत पालकांना काही बारीक फरक सांभाळावे लागतात. दशांशचिन्ह म्हणून इथे स्वल्पविराम वापरतात आणि हजार दाखवायला टिंब. गुणाकाराचे चिन्ह मधला ठिपका, तर भागाकाराचे दोन टिंबे. एकाला वर तिरकी रेघ आणि साताला आडवी रेघ न दिल्यास शिक्षिकेला अंक वाचता येत नाहीत. मात्र संख्या बोलण्याच्या बाबतीत आपली मुले नशीबवान आहेत. जर्मनमध्ये एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात, इंग्रजी वळणाच्या मुलांची त्यावरून त्रेधा उडते, आणि मराठी मूल मात्र एकवीस, बावीस, तेवीस याच क्रमाने विचार करत असल्यामुळे सहज पुढे जाते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता. घरी मराठीत जुन्या पद्धतीने पाढे म्हणून घेतल्यास जर्मनीत त्याचा थेट फायदा होतो.

पाचवी पायरी: मोठी मुले आणि भाषेचा वर्ग

आठ-दहा वर्षांचे किंवा त्याहून मोठे मूल जर्मन न येता आले, तर त्याला बहुधा भाषेच्या विशेष वर्गात घालतात. बर्लिनमध्ये त्याला ‘विलकोमेन्सक्लासे’, बायर्नमध्ये ‘डॉइचक्लासे’, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ‘फोरबेराइटुंग्सक्लासे’ म्हणतात. मूल तिथे साधारण एक ते दोन वर्षे असते, आणि चित्रकला, संगीत, खेळ, गणित अशा विषयांना हळूहळू नेहमीच्या वर्गात जाऊ लागते. पालकांना हा वर्ग कमीपणाचा वाटतो. तो तसा नाही, पण तिथे मूल गरजेपेक्षा जास्त काळ राहू नये, याकडे मात्र पालकांनीच लक्ष ठेवावे लागते. दर तीन-चार महिन्यांनी शिक्षिकेला भेटून ‘कोणत्या विषयासाठी नेहमीच्या वर्गात पाठवता येईल’ असे थेट विचारावे.

जर्मन यावी म्हणून घरात मोडकीतोडकी जर्मन बोलण्याचा मोह टाळावा. चुकीची जर्मन ऐकून मुलाची जर्मन सुधारत नाही, आणि मराठी मात्र हातची जाते. घरात उत्तम मराठी आणि बाहेर क्रीडामंडळ, पोहण्याचा वर्ग, वाचनालय, हा विभागच योग्य आहे. पोहणे शाळेतही शिकवले जाते आणि ‘झेफेर्डशेन’ हा पहिला बिल्ला शक्यतो त्याआधीच मिळालेला बरा.

सहावी पायरी: गुण आणि वर्गातले वागणे

श्रेणी १ ते ६ अशा असतात. १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, ५ आणि ६ म्हणजे अनुत्तीर्ण. वरच्या इयत्तांत महत्त्वाच्या विषयांत दोन ठिकाणी ५ आले, तर वर्ष पुन्हा करावे लागू शकते. प्राथमिक शाळेत ३ मिळणे ही संकटाची खूण नव्हे.

आपल्या मुलांचे खरे नुकसान दुसरीकडे होते. तोंडी सहभागाला इथे मोठे वजन असते, काही विषयांत तर एकूण श्रेणीच्या निम्म्यापर्यंत. लेखी परीक्षेत चोख असलेले, पण ‘बाईंनी विचारल्याशिवाय बोलू नये’ अशा शिस्तीत वाढलेले मूल त्यामुळे मागे पडते, आणि प्रगतिपुस्तक हाती येईपर्यंत घरी त्याचा पत्ता नसतो. हात वर करणे, चुकीचे का होईना उत्तर देणे, शिक्षकांच्या म्हणण्यावर सभ्यपणे शंका घेणे हे इथे उद्धटपणात मोडत नाही, असे मुलाला स्पष्ट सांगावे लागते. आणि ते आपल्यालाही आधी पटावे लागते.

पालकसभेला, म्हणजे ‘एल्टर्नआबेंड’ला, भाषा येत नसली तरी जावे. शिक्षकांना आडनावाने, ‘फ्राउ’ किंवा ‘हेर’ लावून आणि आदरार्थी ‘झी’ वापरून संबोधावे. मूल आजारी असेल, तर शाळा सुरू होण्याआधीच कळवावे. न कळवता मूल गैरहजर राहिले तर ते कुठे आहे, याची चौकशी लगेच सुरू होते. धर्मशिक्षण हा राज्यघटनेतच नमूद असलेला विषय आहे. बहुतेक राज्यांत त्याऐवजी नीतिशिक्षणाचा, ‘एटिक’चा, पर्याय निवडता येतो आणि बहुतेक मराठी कुटुंबे तोच निवडतात.

सुट्टीबाबत अतिशय काटेकोर राहावे. सुट्टी लागण्याच्या दोन दिवस आधीचे विमान स्वस्त मिळते म्हणून मुलाला शाळेतून काढून नेणे नियमबाह्य आहे आणि त्यासाठी दंड होऊ शकतो. २०१८ मध्ये बायर्नमधल्या विमानतळांवर पोलिसांनी शाळकरी मुले बरोबर असलेल्या कुटुंबांची चौकशी केल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. बायर्नची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे गणपतीला घरी जाण्याचा योग कधी जुळतो, कधी नेमकी त्याच आठवड्यात शाळा उघडते. दिवाळीच्या एका दिवसासाठी मात्र धार्मिक सणाचे कारण देऊन आधीच लेखी रजा मागावी. ती बहुधा मिळते.

सातवी पायरी: चौथीनंतरचा फाटा

दहा वर्षांच्या मुलाचा पुढचा मार्ग ठरवणे हा या पद्धतीतला सर्वाधिक वादग्रस्त भाग आहे, आणि मलाही तो पटत नाही. चौथीनंतर मुले साधारण तीन प्रकारच्या शाळांत विभागली जातात. ‘गिम्नाझियुम’ बारावी-तेरावीपर्यंत जाऊन ‘अबिटुर’ ही विद्यापीठाचे दार उघडणारी परीक्षा घेते. ‘रेआलशूल’ दहावीपर्यंत असते. आणि ‘हाउप्टशूल’, जिला बायर्नमध्ये ‘मिटेलशूल’ म्हणतात, ती नववी-दहावीनंतर व्यवसायशिक्षणाकडे नेते. यांखेरीज ‘गेझाम्टशूल’, हाम्बुर्गमधली ‘श्टाटटाइलशूल’ अशा एकत्रित शाळा आहेत, जिथे हा निर्णय काही वर्षे पुढे ढकलता येतो. उशिरा आलेल्या मुलांसाठी मी नेहमी याच शाळा आधी पाहायला सांगतो.

निर्णय कोणाचा, हेही राज्यावर अवलंबून असते. नॉर्थ राइन-वेस्टफालियामध्ये शाळा फक्त शिफारस करते आणि शेवटचा शब्द पालकांचा असतो. बायर्नमध्ये चौथीच्या वर्षात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. गिम्नाझियुमसाठी ती २.३३ पर्यंत आणि रेआलशूलसाठी २.६६ पर्यंत असावी लागते. सरासरी बसली नाही, तर तीन दिवसांच्या चाचणीवर्गाला बसता येते. मातृभाषा जर्मन नसलेल्या आणि पहिलीपासून जर्मन शाळेत न शिकलेल्या मुलांना, केवळ भाषेमुळे गुण कमी पडले असतील तर, ३.३३ पर्यंत सवलत आहे. ती आपणहून कोणी सांगेलच असे नाही, म्हणून विचारून घ्यावी.

आता माझे मत. मराठी घरांत चौथीचे वर्ष दहावीसारखे काढले जाते. शिकवण्या लागतात, खेळ बंद होतो, आणि गिम्नाझियुम न मिळाल्यास घरात सुतकी वातावरण पसरते. याला आधार नाही. रेआलशूलनंतर ‘फाखओबरशूल’ (व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळा) किंवा व्यावसायिक गिम्नाझियुम करून अबिटुरपर्यंत किंवा त्याच्या जवळच्या पात्रतेपर्यंत जाणारी मुले भरपूर आहेत, आणि जेमतेम गिम्नाझियुममध्ये ढकललेली मुले सातवीत दुसऱ्या परकीय भाषेच्या ओझ्याखाली खचून परत फिरतात तेव्हा त्यांना होणारा त्रास मी जवळून पाहिला आहे. लवकर फाटे फोडणारी ही पद्धत पुढे पुष्कळ पूलही बांधते. ते पूल कुठे आहेत, हे शाळेच्या समुपदेशकाकडून चौथीतच समजून घ्यावे.

आठवी पायरी: आउसबिल्डुंग समजून घ्या

आपल्याकडे आयटीआय म्हटले की ‘अभ्यासात कमी पडला’ असा अर्थ काढला जातो, आणि तीच नजर आपण ‘आउसबिल्डुंग’कडे, म्हणजे कंपनीत काम करत घेतल्या जाणाऱ्या व्यवसायशिक्षणाकडे, वळवतो. १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्यावर उभ्या असलेल्या या पद्धतीत सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत. बँक कर्मचारी, मेकॅट्रॉनिक्स तंत्रज्ञ, प्रयोगशाळा सहायक आणि बेकरही त्यांतच येतात. विद्यार्थी कंपनीशी करार करतो, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत आणि उरलेले दिवस प्रत्यक्ष कामावर असतो, आणि पहिल्या महिन्यापासून त्याला वेतन मिळते. मुदत दोन ते साडेतीन वर्षांची असते. पुढे ‘माइस्टर’ (आपल्या व्यवसायातला उस्ताद) ही पदवी मिळवणाऱ्याला २००९ च्या निर्णयानंतर विद्यापीठातही प्रवेश घेता येतो.

शेवटी, दहावी-बारावीतली मुले

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन यायचे असेल, तर निर्णय सर्वांत सावधपणे घ्यावा. त्या वयात जर्मन शिकत शिकत अबिटुर गाठणे अवघड असते, कारण त्यासाठी दुसरी परकीय भाषाही लागते. नॉर्थ राइन-वेस्टफालियासारख्या काही राज्यांत मातृभाषेची परीक्षा देऊन ती अट पूर्ण करण्याची तरतूद आहे, पण मराठीसाठी परीक्षक मिळेलच असे नाही; पहिल्याच भेटीत चौकशी करावी. आंतरराष्ट्रीय शाळा हा पर्याय असतो, मात्र तिथे वर्षाला वीस हजार युरो किंवा त्याहून अधिक शुल्क पडू शकते.

मूल अकरावीत असेल, तर त्याने आजीआजोबांकडे राहून भारतातच बारावी पूर्ण करणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. केवळ बारावीवर जर्मन विद्यापीठात थेट प्रवेश सहसा मिळत नाही; त्यासाठी भारतात पदवीचे पहिले वर्ष पूर्ण करावे लागते किंवा इथे ‘श्टुडिएनकोलेग’ हा एक वर्षाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, आणि ज्याने जर्मनीतच अबिटुर केले आहे त्याला ते लागत नाही. हा हिशेबही आधीच मांडून ठेवावा. भारतात थांबणाऱ्या मुलाने त्या दोन वर्षांत जर्मनच्या बी-१ या मध्यम पातळीपर्यंत मजल मारली, तर श्टुडिएनकोलेगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी पुण्या-मुंबईतच सुरू करता येते.